टचस्क्रीन आपोआप चालते किंवा दाबली तरी चालत नाही: पॅनेल बदलण्याआधी काय काय तपासावं

संग्रहालयं, माहिती केंद्रं, निसर्ग केंद्रं यांच्यासाठी हाताळायची प्रदर्शनं बनवणं हे आमचं काम. अंबडच्या शेडमध्ये बनवतो, नाशिक जिल्ह्यात आणि बाहेरही बसवतो. दुरुस्तीला मात्र दुसऱ्यांनी बसवलेलंही येतं आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार एकच असते: "स्क्रीन आपोआप चालतेय." नाहीतर तिच्या उलट: "चित्र दिसतंय, पण दाबलं तर काहीच होत नाही." फोन करणारे लगेच पुढचा प्रश्न विचारतात, नवीन पॅनेल कितीला पडेल?

माझं उत्तर ठरलेलं आहे. पॅनेलचा विचार सगळ्यात शेवटी करा. ते फार क्वचित खराब झालेलं असतं. दोष बहुतेक वेळा विजेत, अर्थिंगमध्ये, यूएसबी केबलमध्ये किंवा काचेवर साचलेल्या कशात तरी सापडतो. मूळ दोष तसाच ठेवून पॅनेल बदललं की काही महिन्यांत नवीनही तसंच वागायला लागतं. मग केंद्राचा टचस्क्रीनवरचा विश्वास उडतो, प्रदर्शन कोपऱ्यात बंद पडून राहतं आणि लांबून सहलीला आलेल्या शाळेच्या मुलांना त्यातलं काहीच मिळत नाही. ते होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी लक्षणं नीट बघा

स्क्रीन "बिघडली" एवढ्यावर काहीच कळत नाही. कशी बिघडली, यातच अर्धं उत्तर असतं.

तुम्ही एका जागी बोट ठेवलं आणि त्याच आडव्या किंवा उभ्या ओळीत दुसरीकडेही स्पर्श उमटले, तर विजेतला गोंगाट (म्हणजे विजेतले नको ते बारीक चढउतार) बोटावाटे आत शिरतोय असं समजा. कोणी हात लावलेला नसताना कायम एकाच ठिकाणी स्पर्श होत असेल, तर त्या जागी काहीतरी प्रत्यक्ष आहे: पाण्याचा थेंब, डिंक, काचेला टेकलेला पत्रा, काचेतली बारीक चीर. दालनातल्या तीन-चार स्क्रीन एकाच वेळी वेडंवाकडं करू लागल्या, तर एकेक स्क्रीन उघडत बसू नका, थेट वीजपुरवठा आणि अर्थिंगकडे जा. रोज ठरावीक वेळीच त्रास होत असेल तर ऊन, एसी, पंप अशा वेळेनुसार बदलणाऱ्या गोष्टी शोधा. सकाळी नीट चालते आणि तास-दोन तासांनी स्पर्श मरतो, चित्र मात्र तसंच राहतं, अशा वेळी संशय यूएसबीवर घ्यावा. आणि डावीकडे दाबलं की भलतंच उजवीकडचं बटण दाबलं जात असेल, किंवा एका स्क्रीनवर दाबलं की दुसरीवर काहीतरी हलत असेल, तर ते फक्त सेटिंगचं काम आहे. त्याला एक रुपयाही लागत नाही.

यासाठी केंद्रातल्या माणसांशी बोला. रोज स्क्रीन चालू करणारे शिपाईदादा, काच पुसणाऱ्या मावशी, गाईड यांना जे माहीत असतं ते कोणत्याही सॉफ्टवेअरच्या नोंदीत सापडत नाही. "दुपारी शाळा येते तेव्हा होतं" किंवा "मोटर लावली की होतं" असं एखादं वाक्य तुमचा अख्खा दिवस वाचवतं. एक वही स्क्रीनजवळ ठेवा आणि वेळ, हवा, त्या वेळी काय काय चालू होतं एवढंच लिहून ठेवायला सांगा.

नाशिकपुरता माझा पहिला अंदाज असा असतो: मार्च ते मे या काळात स्क्रीन आपोआप चालायला लागली तर अर्थिंग, जून ते सप्टेंबरमध्ये असेल तर ओल नाहीतर किडे. का ते पुढे येईलच.

तुमची स्क्रीन कोणत्या जातीची आहे?

हे कळल्याशिवाय पुढचं काहीच करू नका, कारण दोन जातींचे रोग वेगळे आहेत. कोरडी लाकडी पेन्सिल घ्या आणि तिच्या टोक नसलेल्या बाजूने स्क्रीनवर दाबा. पेन्सिलीला प्रतिसाद मिळाला तर बहुधा इन्फ्रारेड फ्रेम आहे. फक्त बोटालाच मिळाला तर कपॅसिटिव्ह.

इन्फ्रारेडमध्ये काचेच्या कडेने फ्रेम असते. तिच्या दोन बाजूंना अदृश्य प्रकाश सोडणारे छोटे एलईडी आणि समोरच्या बाजूंना तो टिपणारे सेन्सर असतात. बोट मध्ये आलं की किरण अडतो. पण फ्रेमला बोट आणि पाखरू यांतला फरक कळत नाही, किरण अडला की तो तिच्यासाठी स्पर्श. मोठ्या, ४३ किंवा ५५ इंची प्रदर्शन-स्क्रीनवर ही फ्रेम खूप दिसते.

कपॅसिटिव्हमध्ये काचेखाली पारदर्शक वाहक रेषांची आडवी-उभी जाळी असते, बहुतेक वेळा इंडियम टिन ऑक्साइडची. बोट जवळ आलं की जाळीतल्या त्या जागेची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते. हा बदल एका पिकोफॅरडच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. इतकी बारीक गोष्ट मोजणाऱ्या यंत्राला स्वस्त अडॅप्टरचा गोंगाट, पाण्याचा थर आणि तुटलेलं अर्थिंग का सोसत नाही, ते एवढ्यावरून लक्षात येईल.

बिनपैशाच्या तपासण्या

पहिली: माऊस लावा. प्रदर्शनाच्या कॉम्प्युटरला साधा माऊस जोडा आणि त्याने बटणं दाबून बघा. माऊसलाही प्रतिसाद नसेल तर स्पर्शाचा संबंधच नाही, प्रोग्रॅम अडकलाय. माऊसने सगळं चालत असेल तर प्रोग्रॅम निर्दोष आहे. या एका मिनिटात निम्म्या शक्यता गळतात, आणि तरीही बहुतेक जण हे करत नाहीत.

दुसरी: पेंटची चाचणी. प्रदर्शनाचा प्रोग्रॅम बंद करून विंडोजचा साधा पेंट उघडा. बोटाने या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सावकाश तिरकी रेघ ओढा, मग दुसरी, मग सगळ्या कडांनी. रेघ कुठे तुटते, कुठे थरथरते, कुठे आपोआप ठिपके पडतात ते दिसेल. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढे पुरवठादाराशी बोलताना हा फोटो हजार शब्दांचं काम करतो. प्रत्येक दुरुस्तीनंतर हीच चाचणी पुन्हा करायची आहे.

तिसरी: पुसणं. स्क्रीन बंद करा. कोरडं मायक्रोफायबर कापड घ्या, लागलंच तर किंचित ओलसर. फवारा थेट काचेवर मारू नका, कारण द्रव काच आणि फ्रेमच्या फटीतून आत उतरतो आणि मग आठवडाभर त्रास देतो. आपल्याकडे पंचवटी किंवा त्र्यंबकेश्वरच्या बाजूच्या केंद्रांत काचेवर कुंकू, तेल, प्रसादाचा चिकटपणा असतोच. रामकुंडावरून आलेल्या माणसाचा हात ओला असतो, आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी जी काही माहिती केंद्रं उभी राहतील तिथे तर हे क्षणाक्षणाला होणार. कपॅसिटिव्ह काचेवर पाण्याचा सलग थर म्हणजे एक मोठं, विचित्र आकाराचं बोट. म्हणून स्क्रीनशेजारी कोरडं फडकं किंवा नॅपकिन टांगून ठेवणं ही चांगली सोय आहे, तिला लाजू नका.

इन्फ्रारेड फ्रेम असेल तर काचेपेक्षा कडेची काळी पट्टी महत्त्वाची. मऊ ब्रशने चारही बाजू झाडा, विशेषतः खालची आणि कोपरे. पहिल्या पावसानंतर उजेडाकडे येणारी पाखरं, त्यांचे पंख, कोळ्याचं जाळं, खालच्या पट्टीत साचलेली धूळ यांतलं काहीही कायमचा स्पर्श बनतं. त्याच वेळी बाहेरून थेट ऊन पडतंय का तेही बघा. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतो, त्यामुळे समोरच्या सेन्सरला खरा किरण दिसेनासा होतो. पश्चिमेची खिडकी आणि दुपारी चारनंतरची तक्रार अशी जोडी जमली तर पडदा लावा. जवळून मारलेला हॅलोजनचा फोकसही हेच करतो. फोकस एलईडीचा करा किंवा त्याचं तोंड फिरवा.

चौथी: चालू करण्याची पद्धत. कपॅसिटिव्ह स्क्रीनचा कंट्रोलर (स्पर्श मोजणारा छोटा बोर्ड) चालू होताना "हात नसताना काच कशी असते" हे एकदा मोजून घेतो आणि तोच पाया धरून पुढे चालतो. त्याच क्षणी मावशी ओल्या फडक्याने काच पुसत असतील, तर पायाच चुकतो. म्हणून क्रम बदला: आधी पुसा, सुकू द्या, मग बटण दाबा आणि स्क्रीन पूर्ण उघडेपर्यंत कोणी हात लावू नका. बिघडलेली स्क्रीनही अशीच पूर्ण बंद करून, अर्धा मिनिट थांबून, हात न लावता चालू करून बघा. मुख्य स्विच बंद करायचा बरं का, नुसतं रीस्टार्ट नाही. रीस्टार्टमध्ये यूएसबीची वीज कधीकधी चालूच राहते आणि कंट्रोलर जुनाच पाया धरून बसतो.

पाचवी: सेटिंग. दोन स्क्रीन असतील तर विंडोजच्या टॅबलेट पीसी सेटिंग्जमध्ये जाऊन कोणता स्पर्श कोणत्या स्क्रीनचा ते पुन्हा जुळवा. लाईट गेली-आली की हा क्रम कधीकधी उलटतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या गुणधर्मांत "वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या" अशा अर्थाची खूण असते, ती काढा. पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद करा. तासा-दोन तासांनी स्पर्श मरतो ती तक्रार खूपदा इथेच संपते.

थोड्या पैशांच्या तपासण्या

यापुढे कियोस्कची, म्हणजे स्क्रीन आणि कॉम्प्युटर बसवलेल्या पेटीची, मागची बाजू उघडावी लागते. फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम सुरू केलं, तेव्हा प्रदर्शनं बनवण्या-दुरुस्त करण्याचं वर्कशॉप प्रेक्षकांना दिसेल असं दालनातच ठेवलं होतं. आपल्याकडे कितीतरी कियोस्क भिंतीला असे ठोकून बसवलेले असतात की मागे हात घालायला प्लायवूड कापावं लागतं. लोक हाताळणार ते बिघडणार. म्हणून नवीन काम देताना कुलपाचं मागचं दार आणि चाकं फॅब्रिकेटरकडून आग्रहाने मागून घ्या.

केबल आधी. यूएसबी २.० ची केबल पाच मीटरपेक्षा लांब नको, आणि ती जोडून-जोडून लांब केलेली तर नकोच. कॉम्प्युटरच्या पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. मध्ये हब असेल तर तो काढून बघा किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या. कियोस्कला रोज शेकडो हात धक्के देतात, त्याने पिना सैल होतात. केबलला पट्टी बांधून आधार द्या. एक नवी केबल नेहमी जवळ बाळगा. दोष शोधण्यासाठी सगळ्यात स्वस्त सुटा भाग तोच.

मग पत्रा. कपॅसिटिव्ह काचेच्या कडेला कियोस्कचा लोखंडी किंवा एसीपीचा (अॅल्युमिनियमचे थर असलेल्या शीटचा) पत्रा टेकला असेल, तर कंट्रोलरला तिथे बोट असल्यासारखं वाटतं. बाहेरच्या पट्टीचे स्क्रू अर्धा आटा सैल करा. त्याने भुताटकी थांबली तर निदान झालं. काच आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी टाका आणि स्क्रू पुन्हा आवळताना हात राखून आवळा.

आता वीज. एका एक्स्टेन्शन बोर्डावर स्क्रीन, कॉम्प्युटर, एलईडी पट्टीचा ड्रायव्हर, पंखा आणि कोणाचा तरी मोबाईल चार्जर, हे चित्र जवळजवळ सगळीकडे दिसतं. स्क्रीन चालू ठेवून बाकीचं एकेक बंद करा आणि प्रत्येक वेळी पेंटमध्ये रेघ ओढा. एलईडी पट्टीचा स्वस्त ड्रायव्हर आणि डिमर हे नेहमीचे गुन्हेगार. शक्य असेल तर स्क्रीन आणि कॉम्प्युटर यूपीएसवर ठेवून, यूपीएसची भिंतीतली पिन काही मिनिटं काढून बघा. बॅटरीवर स्क्रीन शहाण्यासारखी वागली तर दोष इमारतीच्या विजेत आहे, तुमच्या प्रदर्शनात नाही.

स्क्रीनचा अडॅप्टर दोन पिनांचा आहे का तेही बघा. एसएमपीएसमध्ये, म्हणजे अडॅप्टरमधल्या वीज बदलणाऱ्या सर्किटमध्ये, गोंगाट कमी करण्यासाठी एक छोटा कपॅसिटर प्राथमिक (भिंतीकडच्या) आणि दुय्यम (स्क्रीनकडच्या) बाजूंमध्ये असतो. अर्थिंग नसेल तर त्यातून थोडीशी वीज स्क्रीनच्या बॉडीवर तरंगत राहते, डिजिटल मीटरने मोजलं तर शंभर व्होल्टच्या आसपाससुद्धा दिसते. करंट अगदी थोडा असतो, पण कंट्रोलरसाठी तेवढा पुरेसा आहे. तुम्ही काचेला बोट लावता तेव्हा तुमचं शरीर जमिनीशी जोडलेलं असतं आणि स्क्रीन तरंगत असते, त्यामुळे सगळा गोंगाट नेमका बोटाच्या जागी आत शिरतो. त्याच व्होल्टचा आणि अँपिअरचा, चांगल्या कंपनीचा तीन पिनांचा, दुय्यम बाजूला अर्थ जोडलेला अडॅप्टर लावून बघा.

अर्थिंग: इथे वायरमन हवा

तीन पिनांचं सॉकेट दिसलं म्हणजे अर्थिंग आहे असं नव्हे. जुन्या वाड्यात किंवा सरकारी इमारतीत बसवलेल्या दालनात तिसऱ्या पिनेच्या मागे वायरच नसल्याचं मी पाहिलं आहे. खात्रीचा वायरमन मल्टिमीटरने तीन आकडे घेतो: फेज-न्यूट्रल सुमारे २३०, फेज-अर्थ जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. न्यूट्रल-अर्थमध्ये पाचाच्या वर दिसायला लागलं किंवा फेज-अर्थचा आकडा भलताच आला, तर पुढची सगळी तपासणी थांबवून आधी हे दुरुस्त करा. हे मोजमाप चालू विजेवर होतं. सवय नसेल तर तुम्ही करू नका, वायरमनला करू द्या आणि आकडे वहीत लिहून घ्या.

नाशिकची जमीन इथे मध्ये येते. वरची माती-मुरूम थोडा आणि खाली काळा बेसाल्ट. अर्थिंगची प्लेट किंवा पाइप जिथे पुरलाय तो खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो, त्याचा रोध वाढतो आणि हिवाळ्यात ठणठणीत असलेल्या स्क्रीन आपोआप नाचायला लागतात. पाऊस पडला की बऱ्या होतात आणि सगळे विसरतात. पुढच्या उन्हाळ्यात तेच. खड्ड्याचं झाकण उघडा, त्यात पाणी घाला, दुसऱ्या दिवशी बघा. फरक पडला तर इमारतीच्या विद्युत ठेकेदाराकडून अर्थ रोध मोजून घ्या आणि खड्डा नव्याने भरून घ्या. अर्थिंगसाठी आयएस ३०४३ हे भारतीय मानक आहे. काम देताना त्याप्रमाणे करा असं लेखी द्या. स्क्रीनसाठी वेगळा खिळा ठोकून बाहेर "स्वतंत्र अर्थ" करून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. इमारतीच्या अर्थशी न जोडलेला असा अर्थ दोष आल्यावर धोकादायक ठरतो.

कियोस्कच्या लोखंडी सांगाड्यालाही अर्थ वायर हवी. आणि ती पावडर कोटिंगवर नुसती स्क्रूने आवळलेली नको. कोटिंग वीज अडवतं. त्या जागचा रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून आवळा.

ओल

इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात पावसाळाभर, आणि निफाडकडे थंडीतही हा त्रास आहे. नांदूर मधमेश्वर हे रामसर यादीतलं (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीतलं) महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. तशा पाण्याकाठच्या जागी डिसेंबरच्या पहाटे पारा खूप उतरतो, आणि सकाळी माणसांची गर्दी आत आली की दमट हवा थंड काचेवर जमते. बाहेरून पुसता येतं, पण काच आणि पॅनेल यांच्यामध्ये जमलं तर नाही. कियोस्क सिलिकॉनने घट्ट बंद करणं हा उपाय नव्हे, त्याने आत शिरलेली ओल तिथेच कोंडते. खालून जाळी लावलेली भोकं, वर मागच्या बाजूला वाट, आणि एक छोटा पंखा, एवढ्यावर बरंच भागतं. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर महिन्याने बदला, विसरलेली पुडी निरुपयोगी असते.

कुठे थांबायचं

कियोस्कला हात लावल्यावर मुंग्या आल्या किंवा झटका बसला, तर मेन स्विच बंद करा, दोरी बांधून जागा अडवा आणि परवानाधारक विद्युत ठेकेदार येईपर्यंत चालू करू नका. तो अडॅप्टरचा किरकोळ तरंग आहे की खरी गळती, हे हाताने किंवा टेस्टरने ठरवता येत नाही, आणि समोर लहान मुलं असतात. जळका वास, आत शिरलेलं पाणी, वारंवार पडणारा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) यांनाही हाच नियम. आरसीसीबी पडतो म्हणून तो काढून थेट जोडून देणाऱ्या माणसाला पुन्हा बोलावू नका. माणसांच्या संरक्षणासाठीचा तो ३० मिलिअँपिअरचा असतो आणि प्रत्येक हाताळायच्या प्रदर्शनाच्या लाईनवर असायलाच हवा.

काचेला चीर असेल तर टेप लावून चालवू नका, बंद ठेवा. वॉरंटीचं सील असेल तर ते तुम्ही फोडू नका.

वरचं सगळं झालं, बॅटरीवरही स्क्रीन तशीच वागते, एका ठरावीक पट्ट्यात रेघ कायम तुटते, दुसरी केबल आणि दुसरा कॉम्प्युटर लावूनही तेच, तर आता पुरवठादाराला फोन करा. नंतर कोणी वरून जाड टफन्ड काच बसवली असेल तर ते आधी सांगा. कंट्रोलर ठरावीक जाडीच्या काचेसाठी जुळवलेला असतो आणि जाडी बदलली की संवेदनशीलता पुन्हा जुळवावी लागते. ते कंपनीच्या सॉफ्टवेअरनेच होतं. इंटरनेटवरून मिळालेलं फर्मवेअर (कंट्रोलरच्या आतला प्रोग्रॅम) टाकून बघू नका, कंट्रोलर कायमचा जाऊ शकतो. पुरवठादाराला पेंटचे फोटो, वहीची पानं, वायरमनने घेतलेले तीन आकडे आणि मागच्या लेबलवरचा मॉडेल नंबर पाठवा. पॅनेल आणि कंट्रोलर बोर्ड वेगळे मिळतात का ते स्पष्ट विचारा, कारण बऱ्याचदा फक्त बोर्ड बदलून काम होतं आणि खर्चात मोठा फरक पडतो. दुरुस्त होऊन आल्यावर माणूस जाण्याआधी दालनातले सगळे दिवे, पंखे, एसी चालू करून, कियोस्कचं मागचं दार लावून पेंटची चाचणी त्याच्यासमोर घ्या.